मतदानाच्या टक्केवारीवर वाद उठतो तेव्हा: आकडा तपासण्याची रीत, सार्वमतापासून आपल्या केंद्रापर्यंत

राज्यघटनेवरील सार्वमताचा निकाल जाहीर होतो आणि दुसऱ्याच दिवशी भांडण ‘हो’ किंवा ‘नाही’वर न राहता किती लोक मतदानाला आले यावर सुरू होते. असे अनेक देशांत घडले आहे. आपल्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही. अनुच्छेद ३६८ प्रमाणे घटनादुरुस्ती संसद करते आणि काही दुरुस्त्यांना किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागते. तरी हा विषय आपल्याला परका नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला तेव्हा महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि संघराज्य प्रदेश राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हुकले, आणि त्याची हळहळ आमच्या आधीच्या पिढीच्या बोलण्यात मी पुष्कळदा ऐकली आहे. पण आकडा खोटा आहे असे कोणी म्हटल्याचे माझ्या कानांवर आले नाही.

मी जळगाव जिल्ह्यात शिक्षक होतो आणि अनेक निवडणुकांत कधी मतदान अधिकारी, कधी केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे. टक्केवारीचा वाद मुंबईत किंवा दिल्लीत सुटत नाही. मतदान संपल्यावर केंद्रावर जो कागद तयार होतो त्याची प्रत विरुद्ध बाजूच्या माणसाच्या हातात असेल तरच तो सुटतो. पुढे सांगितलेली रीत त्या कागदाभोवती फिरते. सार्वमताची उदाहरणे परदेशांतील आहेत आणि कार्यपद्धती आपल्याकडील, कारण आपल्याला प्रत्यक्ष करून पाहता येईल ती हीच.

पहिली पायरी: टक्केवारी कशाची, ते आधी ठरवा

टक्केवारी ऐकली की ती कशाने भागून काढली हे आधी विचारावे. डेन्मार्कमध्ये १९५३ च्या घटना-सार्वमतात एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी ४५ टक्क्यांनी ‘हो’ म्हणणे आवश्यक होते. प्रत्यक्षात ४५.७६ टक्के झाले आणि घटना मंजूर झाली. अशा ठिकाणी यादीत काही हजार मृत किंवा स्थलांतरित नावे राहिली तर त्यांतील प्रत्येक नाव आपोआप ‘नाही’च्या पारड्यात जाते. मॅसेडोनियात ३० सप्टेंबर २०१८ रोजी देशाचे नाव बदलण्याच्या ग्रीसबरोबरच्या कराराविषयी सार्वमत झाले. मतदान ३६.९ टक्के झाले आणि ५० टक्क्यांची अट पूर्ण झाली नाही. यादीत सुमारे १८ लाख ६ हजार मतदार होते. पुढे २०२१ च्या जनगणनेत लहान मुलांसह देशात राहणारी एकूण लोकसंख्या सुमारे १८ लाख ३७ हजार निघाली. म्हणजे यादीतील कितीतरी माणसे देशाबाहेर कामाला होती. मतदारांनी पाठ फिरवली की यादीच फुगलेली होती, या प्रश्नाचे उत्तर टक्केवारी देऊ शकत नाही.

खानदेशात हे समजायला फार लांब जावे लागत नाही. नंदुरबार आणि साक्री भागातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला किंवा बांधकामाच्या कामाला गुजरातेत जातात. समजा एखाद्या केंद्राच्या यादीत १,००० नावे आहेत, त्यांपैकी २०० माणसे त्या दिवशी गावात नाहीत आणि मते पडली ६१२. यादीवर मोजले तर मतदान ६१.२ टक्के होते आणि गावात असलेल्या माणसांवर मोजले तर ७६.५ टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र पहिला आकडा एका निवडणुकीत आणि दुसरा पुढच्या निवडणुकीत घेऊन तुलना केली तर ती फसवी होते.

आणखी एक गफलत आपल्याकडे वारंवार होते. जिल्ह्याची टक्केवारी आणि लोकसभा मतदारसंघाची टक्केवारी एकच समजली जाते. रावेर मतदारसंघात बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर येते. धुळे मतदारसंघात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण येतात. धुळे जिल्ह्यातील साक्री आणि शिरपूर नंदुरबार मतदारसंघात आहेत. जिल्हा प्रशासनाने दिलेला आकडा मतदारसंघाच्या आकड्याशी ताडून ‘मते वाढली’ असे म्हणण्यापूर्वी ही सीमा तपासावी.

दुसरी पायरी: यादी मतदानाच्या आधी वाचा

मतदान झाल्यावर यादीवर आक्षेप घेऊन सहसा काही हाती लागत नाही. आपल्या यादी भागाची अंतिम प्रत आणि पुरवणी याद्या आधीच मिळवून गल्लीनिहाय वाचाव्यात. मृत, कायमचे बाहेर गेलेले आणि दोनदा नोंदलेले अशी तीन खुणांची वर्गवारी पुरेशी आहे. नाव वगळण्यासाठी नमुना ७, नव्या नोंदीसाठी नमुना ६ आणि दुरुस्ती किंवा स्थलांतरासाठी नमुना ८ भरतात. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, अनुपस्थित, स्थलांतरित व मृत मतदारांची वेगळी यादी तयार करतो आणि ती मतदानाच्या दिवशी केंद्राध्यक्षाकडे असते. या यादीतील माणूस मतदानाला आला तर त्याची ओळख अधिक काटेकोरपणे तपासणे अपेक्षित असते. म्हणून आपली यादी आणि बीएलओची यादी जुळते का, हे आठवडाभर आधीच बसून पाहावे.

‘मन्हं नाव यादीमा शे का?’ असे विचारत दुपारच्या उन्हात तीन केंद्रे फिरलेली एक म्हातारी बाई मला अजून आठवते. तिचे नाव चौथ्या केंद्रावर निघाले. टक्केवारीच्या वादात ज्यांना मत देताच आले नाही अशी माणसे मोजली जात नाहीत. त्यांची नोंद ठेवायची असेल तर आपणच एक वही ठेवावी आणि तीत नाव, वेळ व परत पाठवण्याचे कारण लिहावे.

तिसरी पायरी: सकाळचे अभिरूप मतदान चुकवू नका

मतदान सुरू होण्याच्या सुमारे दीड तास आधी उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते, त्यालाच आपण मॉक पोल म्हणतो. किमान ५० मते टाकून निकाल पाहिला जातो, मग यंत्रातील ती मते पुसली जातात आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतील चिठ्ठ्या काढून वेगळ्या पाकिटात बंद केल्या जातात. प्रतिनिधीने इथे तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि व्हीव्हीपॅट यांचे क्रमांक, लावलेल्या सीलचे क्रमांक, आणि मते पुसल्यानंतर ‘टोटल’ बटण दाबल्यावर दिसलेले शून्य. मतमोजणीच्या दिवशी एखाद्या केंद्राचा आकडा जुळत नाही त्यामागे सकाळची मते पुसायची राहून जाणे हे एक नेहमीचे कारण असते. सकाळी पाच वाजता प्रतिनिधी झोपलेला असेल तर संध्याकाळी त्याच्या तक्रारीला आधार राहत नाही.

चौथी पायरी: दिवसभराचा हिशेब

दर दोन तासांनी, म्हणजे ९, ११, १, ३ आणि ५ वाजता, आकडे वर कळवले जातात. प्रतिनिधीने त्याच वेळी मतदार नोंदवहीतील, म्हणजे नमुना १७-अ मधील, शेवटचा अनुक्रमांक आणि यंत्रावरील एकूण संख्या विचारून लिहून ठेवावी. एकदोनचा फरक असू शकतो, कारण कोणी सही करून रांगेत असतो. फरक वाढत गेला तर मात्र तेव्हाच केंद्राध्यक्षाच्या लक्षात आणून द्यावे.

ओळखीबद्दल शंका असेल तर प्रतिनिधी दोन रुपये भरून आक्षेप घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्षाने तिथेच चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले आहे असे खऱ्या मतदाराला कळले तर त्याने निराश होऊन परतू नये. त्याला प्रदत्त मतपत्रिका मागण्याचा हक्क आहे. ते मत यंत्रात न जाता कागदावर नोंदवून वेगळ्या पाकिटात ठेवतात. मोजणीत ते धरले जात नाही, परंतु तोतया मतदान झाल्याचा लेखी पुरावा तेवढाच उरतो आणि न्यायालयात त्याला किंमत असते. गावाकडे ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून ती घरोघर सांगावी असे मला कळकळीने वाटते.

पाचवी पायरी: सहा वाजता तयार होणारा कागद

सहा वाजता जे रांगेत असतील त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून क्रमांकाच्या चिठ्ठ्या दिल्या जातात आणि तेवढ्यांचे मतदान पूर्ण होते, मग रात्रीचे आठ वाजले तरी चालते. चिठ्ठ्या किती वाटल्या हा आकडा लिहून घ्यावा, कारण पुढच्या वादात त्याची गरज पडते.

मग ‘क्लोज’ बटण दाबले जाते आणि नमुना १७-क भरला जातो, ज्याला सगळे ‘सतरा सी’ म्हणतात. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ४९-एस प्रमाणे हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला त्याची खरी प्रत देणे केंद्राध्यक्षावर बंधनकारक आहे आणि त्याची पोच घ्यायची असते. ती मागावी लागू नये, पण कधी मागावी लागते. त्यातील हिशेब साधा आहे. नोंदवहीतील एकूण मतदार घ्यावेत. त्यातून सही केल्यावर मत न देण्याचे ठरवणारे वजा करावेत. मतदानाची गुप्तता मोडल्यामुळे ज्यांना मत देऊ दिले नाही ते वजा करावेत. व्हीव्हीपॅटच्या तक्रारीवरून चाचणी मत घेतले असेल तर ते याच कागदात वेगळे नोंदतात, या वजाबाकीत ते धरू नये. उरलेली संख्या यंत्रावरील संख्येशी जुळली पाहिजे. समजा नोंदवहीत ७१२ आहेत आणि तिघांनी मत देण्यास नकार दिला, तर यंत्रावर ७०९ दिसायला हवेत.

माझ्याच केंद्रावर एकदा नोंदवहीत ६४३ आणि यंत्रावर ६४२ असे निघाले. रात्री साडेआठ वाजता आम्ही पाच जण ओळ न् ओळ तपासत बसलो. एक तरुण सही करून, शाई लावून, बाहेर आलेल्या फोनच्या नादात बटण न दाबताच निघून गेला होता आणि शेऱ्याच्या रकान्यात ती नोंद करायची माझ्याकडून राहिली होती. मी ती कारणासह दैनंदिनीत लिहिली आणि दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या. चूक माझी होती. ती त्याच रात्री कागदावर आली म्हणून तिच्यावर पुढे प्रश्न उठला नाही. तीच एक मताची तफावत मतमोजणीच्या टेबलावर प्रथम दिसली असती तर तिला वेगळेच नाव मिळाले असते.

इथे सार्वमताचे एक मोठे दुबळेपण लक्षात घ्यावे. निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला आपला प्रतिनिधी बसवण्याची गरज वाटते. सार्वमतात उमेदवार नसतो, आणि विरोधकांनी बहिष्कार टाकला तर केंद्रावर दुसऱ्या बाजूचे कोणीच नसते. ट्युनिशियात २५ जुलै २०२२ च्या घटना-सार्वमतावर अनेक विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला. पहिल्या रात्री २७.५४ टक्के मतदान सांगितले गेले, नंतर तो आकडा ३०.५ टक्के झाला, आणि निवडणूक मंडळाला प्रसिद्ध केलेले प्रदेशवार आकडे चुकीचे असल्याचे मान्य करून बदलावे लागले. ‘हो’ची मते ९४.६ टक्के होती, त्यामुळे निकालाविषयी प्रश्न नव्हता. मतदार किती आले हाच एकमेव राजकीय प्रश्न होता, आणि ज्यांना तो विचारायचा होता त्यांनी केंद्रावरची आपली खुर्ची आधीच सोडली होती. बहिष्कार हा हक्क आहे. पण माझ्या मते मतदानावर बहिष्कार टाकणाऱ्यानेही केंद्रावर साक्षीदार ठेवण्याची परवानगी मागितली पाहिजे.

सहावी पायरी: पाच वाजताचा आकडा आणि रात्रीचा आकडा

हा भाग सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे, म्हणून सावकाश पाहू. २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाचा पाच वाजताचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के. विरोधी पक्षांनी या वाढीवर प्रश्न उभा केला. आयोगाचे म्हणणे असे की पाच वाजताचा आकडा तात्पुरता असतो आणि अंतिम आकडा केंद्रांच्या कागदांवरून येतो.

आपण स्वतः हिशेब करावा. एका मतदाराला साधारण ४५ सेकंद लागतात असे धरले तर तासाला ८० मते होतात. हजार मतदारांच्या केंद्रावर ही ८ टक्के झाली. म्हणजे वाढ अशक्य नाही, मात्र ती फक्त पाच ते सहा या तासात व्हायची तर बहुतेक केंद्रांवर रांग सलग चालू राहिली पाहिजे. दुसरीकडे पाच वाजताचा आकडा खरोखर पाच वाजताचा असतोच असे नाही. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या काही केंद्रांवर मतदान पथके नर्मदेच्या पाण्यातून होडीने जातात आणि तिथे मोबाइलला रेंज नसते. अशा ठिकाणचा तीन वाजताचा आकडा पाचच्या गोळाबेरजेत गेलेला असू शकतो. त्यामुळे केवळ राज्याच्या दोन टक्केवाऱ्यांमधील फरकावरून गैरप्रकार सिद्ध होत नाही आणि सारे ठीक असल्याचेही सिद्ध होत नाही. एका केंद्राचा पाच वाजताचा यंत्रावरील आकडा, सहा वाजता वाटलेल्या चिठ्ठ्या आणि सतरा सी मधील एकूण संख्या हे तिन्ही समोर ठेवले तरच काही बोलता येते. पाच वाजता ५६०, चिठ्ठ्या ३५ आणि शेवटी ६६० असतील तर पाच ते सहा दरम्यान ६५ मते पडली, आणि ते सहज शक्य आहे. पाच वाजता ५६०, चिठ्ठ्या ५ आणि शेवटी ७६० असतील तर एका तासात १९५ मते पडली असे होते, आणि मग प्रश्न लेखी विचारलाच पाहिजे.

सर्वसामान्य मतदाराला सतरा सीची प्रत मागून मिळत नाही. २०२४ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा ती प्रत्यक्ष प्रतिनिधीखेरीज इतरांना देण्याची कायद्यात तरतूद नाही, अशी भूमिका आयोगाने घेतली. मला ती पटत नाही. निकालाच्या आधी केंद्रनिहाय संख्या सर्वांसमोर लावली तर निम्मे संशय उगवणारच नाहीत. तोपर्यंत उपाय एकच आहे. गावातील सर्व पक्षांच्या प्रतिनिधींकडून त्याच रात्री प्रतीचा फोटो घेऊन केंद्र क्रमांकानुसार जपून ठेवावा.

सातवी पायरी: मोजणी आणि नंतरची जुळवणी

मोजणीच्या टेबलावर यंत्राचा क्रमांक, सील आणि एकूण मते सतरा सीशी जुळवावीत. जुळत नसेल तर त्या यंत्राचा निकाल पाहण्यापूर्वीच हरकत घ्यावी. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजल्या जातात, त्या वेळी हजर राहावे. निकालानंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मते प्रसिद्ध होतात. त्यातील प्रत्येक केंद्राची बेरीज आपल्या जवळच्या प्रतीशी ताडावी. टपाली मते वेगळी असतात, ती केंद्राच्या बेरजेत शोधू नयेत.

फार उंच टक्केवारीच्या केंद्रांची वेगळी यादी करावी, पण लगेच निष्कर्ष काढू नये. पाड्यावरच्या ६० मतदारांच्या केंद्रावर ५७ जण आले तर ९५ टक्के होतात, आणि तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. हजार मतदारांच्या शहरी केंद्रावर ९५ टक्के झाले आणि शेजारच्या खोलीत ५८ टक्के, तर मात्र यादीतील मृत व स्थलांतरित नावांशी ते ताडून पाहावे. मृतांच्या नावापुढे सही असेल तर बाकी आकडेमोडीची गरज उरत नाही.

आठवी पायरी: तक्रार कुठे, किती दिवसांत

नियम कधी बदलला हेही तपासावे लागते. तुर्कस्तानात १६ एप्रिल २०१७ च्या घटना-सार्वमतात अधिकृत शिक्का नसलेल्या मतपत्रिका ग्राह्य धरण्याचा निर्णय निवडणूक मंडळाने मतदानाच्याच दिवशी घेतला, जरी कायद्यात त्या बाद ठरत होत्या. ‘हो’ला ५१.४ टक्के मते मिळाली आणि अंतर सुमारे १३ लाख ७८ हजारांचे होते. अशा मतपत्रिका किती होत्या याचा केंद्रनिहाय हिशेब वेगळा ठेवला गेला नाही, म्हणून निकालावर किती परिणाम झाला हे कोणालाही दाखवता आले नाही. आपल्याकडे तक्रार टिकते किंवा पडते ती नेमकी याच मुद्द्यावर.

तक्रार आधी केंद्राध्यक्षाला लेखी द्यावी आणि दैनंदिनीत नोंद करायला सांगावे, मग क्षेत्रीय अधिकारी, निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक यांना. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी निरीक्षकांसमोर केंद्रांच्या कागदांची छाननी होते, त्यामुळे फेरमतदानाची मागणी त्याच रात्री पोहोचली पाहिजे. फेरमोजणीचा अर्ज उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने निकाल घोषित होण्यापूर्वी, कारणे देऊन, लेखी करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालानंतर सात दिवसांत प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील ५ टक्के यंत्रांची तपासणी मागता येते.

त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका. ती उमेदवार किंवा त्या मतदारसंघाचा कोणताही मतदार करू शकतो आणि निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाचे छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठ. मतदार नोंदवहीचे बंद पाकीट न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाही, म्हणून कोणत्या केंद्राची, कोणत्या अनुक्रमांकांची आणि का, हे याचिकेत नेमके लिहावे लागते. नियमभंग दाखवणे पुरेसे नसते. त्यामुळे निकालावर ठोस परिणाम झाला हेही दाखवावे लागते. २०२४ मध्ये धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. सहा विधानसभा क्षेत्रांत वाटले तर प्रत्येकी साडेसहाशेही होत नाहीत. इतक्या कमी अंतराच्या मतदारसंघात वीस-तीस केंद्रांच्या सतरा सीच्या प्रती आणि प्रदत्त मतांच्या नोंदी व्यवस्थित लावलेल्या असतील तर वकिलाला काम करण्यासारखे काही असते. अंतर लाखाचे असेल आणि हातात दोन केंद्रांचे फोटो असतील तर याचिकेवर पैसे घालण्याऐवजी ते कागद घेऊन बीएलओकडे जावे आणि पुढच्या यादीतून ती नावे काढण्यासाठी नमुना ७ भरावा.